व्यापारतोल आणि व्यवहारतोल

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाचे व्याख्यान म्हटले म्हणजे आरोग्य, बालसंगोपन किंवा संतवाङ्मय असा एखादा विषय असावयाचा. त्यामुळे चिटणीसबाईंनी “तुम्ही बँकेत होता, तेव्हा पैशाविषयी काही सांगा,” असे म्हटले तेव्हा मी जरा बिचकलेच. पण मध्यंतरी आपल्या वाचनालयात घडलेला एक लहानसा प्रसंग मला आठवला आणि मी होकार दिला.

त्या दिवशी एक भगिनी वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाल्या, “अहो, आपण परदेशांतून आणतो किती आणि विकतो किती! दरसाल एवढी तूट पडल्यावर देश बुडायला कितीसा वेळ?” त्यावर शेजारच्या बाईंनी त्याच अंकातली दुसरी बातमी वाचून दाखवली. परकीय चलनाची गंगाजळी चांगली भरलेली आहे, असे तीत होते. “मग यांतले खरे कोणते?” असा प्रश्न निघाला आणि चहा येईपर्यंत वाद चालला.

भगिनींनो, दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. पहिली व्यापारतोलाची होती आणि दुसरी व्यवहारतोलाची. क्रमिक पुस्तकांत कोणी ‘तोल’ म्हणतात, कोणी ‘शेष’ म्हणतात. शब्दांवर आपण अडू नये. या दोहोंतला भेद मला पुस्तकाने शिकवला नाही. तो मला माझ्या आईच्या वहीने शिकवला. म्हणून प्रथम ती वही आपल्यापुढे उघडते.

आमचे घर राजापूर तालुक्यातल्या एका खेड्यात. वडील मुंबईला गिरणीत होते. आई, आजी आणि आम्ही तिघे भावंडे गावी. त्या काळी कोकणातल्या घरोघरी हीच रीत. आई चौथी शिकलेली, पण हिशेबाला पक्की. जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर मधोमध रेघ ओढून एका बाजूला ‘आले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गेले’ असे ती लिहीत असे. १९८१ सालचे पान माझ्यापाशी अजून आहे.

त्या वर्षी आमच्या घराने काजूबी, आमसुले आणि थोडे आंबे विकले, त्यांचे ९०० रुपये आले. घरचा तांदूळ होळीपर्यंत पुरे; पुढचा विकत घ्यावा लागे. त्याखेरीज गोडेतेल, रॉकेल, साखर, चहा, कापड आणि आमच्या वह्यापुस्तके मिळून २,९०० रुपये गेले. म्हणजे विकलेल्या मालापेक्षा विकत घेतलेला माल २,००० रुपयांनी अधिक. भगिनींनो, हा आमच्या घराचा व्यापारतोल. माल किती गेला आणि माल किती आला, एवढेच तो पाहतो. केवळ त्यावरून कोणी म्हटले असते की, या घराची चूल आता विझणार!

पण चूल विझत नव्हती. कारण वहीत आणखी काही ओळी होत्या. आई गावातल्या बायकांचे झंपर-परकर शिवून देई. त्या शिलाईचे ३०० रुपये आले. तिने कोणताही माल विकला नव्हता, आपले श्रम आणि कसब विकले होते. वडिलांची दरमहा १५० रुपयांची मनीऑर्डर येई. त्या बारा मनीऑर्डरींचे १,८०० रुपये झाले. उलट बाजूस, आजोबांच्या वेळच्या जुन्या कर्जाच्या व्याजाचे ६० रुपये गेले. या सर्वांची बेरीज-वजाबाकी केली तर वर्षाअखेर ४० रुपये शिल्लक राहिले. ते आईने देवघरातल्या पत्र्याच्या डब्यात टाकले. त्या डब्यात मागची थोडी पुंजी होती. ती आता १६० रुपये झाली.

माल, शिलाई, मनीऑर्डर, व्याज, उसनवारी आणि डब्यातली पुंजी या सर्वांचा मिळून जो हिशेब, तो व्यवहारतोल. व्यापारतोल हा त्यातला केवळ एक भाग. मोठा असेल, पण भागच. व्यापारतोलात दोन हजारांची तूट आणि तरीही डब्यात ४० रुपयांची भर, अशी ही गंमत आहे. वाचनालयातल्या त्या दोन बातम्यांचे कोडे या एका पानावर सुटते.

आता हीच वही देशाएवढी मोठी करून पाहू. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांप्रमाणे २०२३-२४ या वर्षी भारताने परदेशांतून आणलेला माल पाठवलेल्या मालापेक्षा सुमारे २४,२०० कोटी डॉलरांनी अधिक होता. त्यात सर्वांत मोठा वाटा खनिज तेलाचा. आपल्या आमसुलांनी जसे रॉकेलचे पैसे भागत नसत तसेच हे. आणि दुसरी एक गोष्ट आपणां बायकांना सांगितली पाहिजे. त्या वर्षी देशात सुमारे ४,५०० कोटी डॉलरांचे सोने आले. त्यातले काही कारागिरी होऊन पुन्हा परदेशी जाते हे खरे. पण पुष्कळसे आपल्या गळ्यांत आणि कपाटांत राहते. तेव्हा व्यापारतोलाच्या तुटीबद्दल हळहळताना आपण आपल्या हातांकडेही एकदा पाहावे.

ही तूट कशी भरली? शिलाईची ओळ आठवा. आपले संगणक-तज्ज्ञ, हिशेबनीस, इतर जाणकार परदेशांतल्या कंपन्यांची कामे करतात. यात बंदरातून पेटी जात नाही, बोटीत काही चढत नाही. म्हणून अशा व्यवहारांना ‘अदृश्य’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. या सेवांच्या देवघेवीत त्या वर्षी सुमारे १६,३०० कोटी डॉलर आपल्याकडे अधिक आले. मग मनीऑर्डरीची ओळ. परदेशी गेलेल्या मुलांनी, भावांनी, नवऱ्यांनी घरी पाठवलेला पैसा हा तिचा मुख्य भाग. आलेल्यातून गेलेला वजा जाता या सदरात सुमारे १०,६०० कोटी डॉलर मिळाले. परदेशातून देशात येणाऱ्या या पैशाचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या महाराष्ट्रात येतो, असे रिझर्व्ह बँकेच्या पाहणीत दिसून आले. आपल्यापैकी कितीजणींची मुले दुबईला, लंडनला, अमेरिकेत आहेत हे मी विचारत नाही. हात वर करावयाला सांगितले तर सभागृहात हातच हात दिसतील!

आणि उलट बाजूची व्याजाची ओळ? परकीयांचे येथे गुंतलेले जे भांडवल आहे, त्यावरचे व्याज आणि नफा म्हणून, आलेले वजा जाता, सुमारे ५,००० कोटी डॉलर बाहेर गेले. या सगळ्याचा मेळ घातला तर तूट उरली ती अवघी सुमारे २,३०० कोटी डॉलरांची. येथवरच्या हिशेबाला ‘चालू खाते’ म्हणतात. त्यापुढे ‘भांडवली खाते’ लागते. परकीयांनी येथे कारखान्यांत किंवा शेअरांत घातलेला पैसा, आपण काढलेली कर्जे, परदेशस्थ भारतीयांनी आपल्या बँकांत ठेवलेल्या ठेवी या सर्वांची नोंद तेथे होते. त्या वर्षी या मार्गाने इतका पैसा आला की, उरलेली तूट भरून डब्यातही मोठी भर पडली. मार्च २०२४ अखेर देशाची गंगाजळी सुमारे ६४,६०० कोटी डॉलर होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यापारतोल जुळत नाही. कधी अधिक असतो, कधी उणे. पण व्यवहारतोल मात्र शेवटी जुळतोच. जुळवावाच लागतो. जे बाहेरून आणले त्याचे पैसे कोठून तरी दिलेलेच असतात. कमावून दिले, कोणी पाठवले म्हणून दिले, उसने काढून दिले, डबा उपडा करून दिले किंवा दागिना ठेवून दिले, पण दिले. तेव्हा ‘हिशेब जुळला का?’ या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. ‘कसा जुळला?’ हा खरा प्रश्न आहे.

हे मला कळले ते १९८२ साली.

त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझे वडील त्यांतले एक. जानेवारीची मनीऑर्डर आली आणि त्यानंतर पोस्टमन आमच्या बेड्यापुढून तसाच पुढे जाऊ लागला. आजी त्याला हाक मारून विचारी. तो बिचारा मान हलवी. काही महिन्यांनी वडील स्वतःच गावी आले. मी तेव्हा दहावीत होते.

१९८२ सालचे पान असे आहे. विक्री ८५० रुपये. खरेदी आईने जितकी कमी करता येईल तितकी केली. चहा बंद केला, सणाचे कापड घेतले नाही, तरी ती २,६०० च्या खाली येईना. म्हणजे व्यापारातली तूट १,७५० रुपये. आदल्या वर्षापेक्षा चक्क २५० रुपयांनी कमी! नुसता व्यापारतोल पाहणारा म्हणाला असता की, या घराची परिस्थिती सुधारली. शिलाई २५० वर आली, कारण गावातल्या इतर घरांचीही मनीऑर्डर थांबली होती. झंपर शिवणार कोण? मनीऑर्डर एकच, १५० ची. व्याजाचे ६० गेलेच. मेळ घातला तर १,४१० रुपये कमी पडले.

ते कसे भरले, तेही आईने ओळीने लिहून ठेवले आहे. डब्यातले १६०. वाण्याकडची उधारी ३५०. मामाकडून उसने ३००. आणि शेवटची ओळ, ‘पाटल्या ठेवून ६००’. १६०, ३५०, ३०० आणि ६०० मिळून १,४१०. पानाखाली दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आहेत आणि त्यांच्याखाली आईने नेहमीप्रमाणे दोन रेघा ओढल्या आहेत. वही बरोबर जुळली होती. आईच्या हातात मात्र काचेच्या बांगड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

वडिलांना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही. पुढे त्यांनी मुंबईत रखवालदारी केली. १९८६ साली मला बँकेत नोकरी लागली, तोवर पाटल्यांवरचे व्याज इतके वाढले होते की, एक पाटली मोडून दुसरी सोडवून आणावी लागली. ती आज माझ्या हातात आहे. समोरच्या भगिनींना दिसत असेल.

भगिनींनो, देशावरही अशी वेळ आलेली आपण पाहिली आहे. तो काळ १९९०-९१ चा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर स्वारी केली. तेलाचे भाव भडकले. कुवेतमधून दीड लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. म्हणजे तिकडून येणारी मनीऑर्डरही थांबली. देशाची व्यापारातली तूट काही त्या वर्षी एकाएकी जन्मली नव्हती; ती वर्षानुवर्षे चालत आली होती आणि अलीकडे ती थोड्या मुदतीची कर्जे काढून भागवली जात होती. वाण्याची उधारीच ती! संकट दिसताच परदेशी बँकांनी नवे कर्ज देण्यास हात आखडता घेतला आणि परदेशस्थ भारतीयांनीही ठेवी काढून नेण्यास प्रारंभ केला. तूट जुनीच होती; ती भरणारे हात एकाएकी आखडले, आणि त्याचे नाव संकट.

१९९१ च्या मध्यास गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीला पुरेल एवढी उरली. आयातीवर कडक निर्बंध आले. चहा बंद, कापड बंद, तसेच ते. मे महिन्यात सरकारने चोरट्या व्यापाऱ्यांकडून जप्त केलेले २० टन सोने, पुन्हा परत घेता येईल अशा बोलीने, स्वित्झर्लंडमधील एका बँकेस विकले. आणि जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपले सुमारे ४७ टन सोने इंग्लंड व जपान यांच्या मध्यवर्ती बँकांकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडूनही कर्ज घ्यावे लागले. हा निधी ज्या १९४४ सालच्या ब्रेटन वुड्सच्या परिषदेत ठरला, तिला आपले चिंतामणराव देशमुख भारताच्या वतीने उपस्थित होते, एवढे जाता जाता सांगते.

सोने गेल्याची बातमी फुटली तेव्हा लोक संतापले. आमच्या बँकेतही दिवसभर तीच चर्चा होती. त्या सुमारास आई माझ्याकडे मुंबईस आली होती. संध्याकाळी मी तिला बातमी वाचून दाखवली. ती निवडायला घेतलेल्या तांदळावरून हात फिरवीत थोडा वेळ गप्प बसली आणि मग तिने एकच विचारले, “व्याज किती लावलंय? सोडवून आणतील ना वेळेवर?”

अर्थशास्त्राच्या मोठमोठ्या पंडितांनी त्या वेळी पुष्कळ लिहिले. पण याहून नेमका प्रश्न मी कोठे वाचला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्ज फेडून रिझर्व्ह बँकेने ते तारण सोडवले. मी हे आईला मुद्दाम पत्राने कळवले होते.

आतापर्यंत मी तुटीविषयी बोलले. पण व्यापारतोल अधिक असला म्हणजे सर्व कुशल, असेही समजू नये. आमच्या गावात एक घर होते. कलमांची मोठी बाग. दरसाल विक्री भरपूर, आणि खरेदी अगदी बेताची. व्यापारतोल उत्तम! परंतु बागेवर सावकाराचे इतके ओझे होते की, आंब्याच्या पेट्या गेल्या तरी पैसा त्या घरी येतच नसे. परस्पर सावकाराकडे जाई. मुलांच्या अंगावर धड सदरा नसे.

दादाभाई नौरोजी यांनी आपल्या देशाविषयी हेच सांगितले. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थान इंग्रजांच्या राज्यात असताना येथून जाणारा माल येथे येणाऱ्या मालापेक्षा दरसाल अधिक असे. राज्यकर्ते ते समृद्धीचे लक्षण मानीत. दादाभाईंनी विचारले की, हा जो अधिकचा माल गेला त्याचे मोल आमच्या हाती कोठे पडले? विलायतेत राहणाऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, लंडनमधील कचेरीचा खर्च, कर्जावरचे आणि आगगाड्यांच्या भांडवलावरचे व्याज या नावांनी ते परस्पर तिकडेच राहत असे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या या गृहस्थांनी नुसती पहिली ओळ न वाचता वही अखेरपर्यंत वाचली. आणि १९०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तो सारा हिशेब जगापुढे मांडला. व्यापारतोल अधिक असूनही देश दरिद्री कसा, याचे उत्तर व्यवहारतोलात होते.

तेव्हा वर्तमानपत्रात ‘व्यापारात एवढी तूट’ असे वाचले म्हणजे घाबरून जाऊ नये आणि ‘गंगाजळी एवढी मोठी’ असे वाचले म्हणजे निर्धास्तही होऊ नये. आपल्या मनाशी तीन प्रश्न विचारावे. तूट भरली ती कमाईने की उसनवारीने? उसनवारी असेल तर ती दीर्घ मुदतीची की उद्या दारात उभी राहणारी? आणि आणलेली वस्तू कोणती. पुढे कमाई वाढवणारे यंत्र, की नुसती हौस? शेअरबाजारात आलेला परकीय पैसा पाहुण्यासारखा असतो; मन रमले तर राहतो, नाहीतर सकाळच्या गाडीने जातो. कारखान्यात घातलेला पैसा इतक्या सहजी उठून जात नाही. डब्यात दोन्ही सारखेच दिसतात, हीच खरी मेख.

शेवटी एक घरची गोष्ट, आणि तिच्याबद्दल आधीच क्षमा मागते. या स्मरणिकेच्या शेवटी आपल्या मंडळाचा वार्षिक हिशेब छापला जावयाचा आहे. वार्षिक सभेत तो वाचला गेला तेव्हा दोन्ही बाजू जुळल्या म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. घरी येऊन मी तो पुन्हा वाचला. पापड-मसाला विभागात विक्रीपेक्षा खर्च अधिक झाला आहे. ती तूट शिवणवर्गाच्या फीने, वर्गणीने आणि देणग्यांनी बरीचशी भरून निघाली, हे चांगलेच. पण उरलेले २५,००० रुपये इमारत-निधीची मुदत ठेव मोडून घातले आहेत. ती ओळ पाहताच मला आईची शेवटची ओळ आठवली.

पापड-मसाला विभाग बंद करावा, असे मी मुळीच म्हणत नाही. अकरा भगिनींच्या घरी त्यामुळे चार पैसे जातात, आणि त्याकरिताच तर मंडळ आहे. भाव थोडा वाढवावा, मिरची हंगामात एकदम घ्यावी, वाटल्यास त्या विभागाकरिता उघडपणे देणगी मागावी. पण रोजच्या खर्चाला पुन्हा ठेव मोडू नये. आणि मोडावीच लागली तर ती केव्हा आणि कशी भरून काढणार, हे त्याच पानावर लिहावे. खजिनदारबाईंचा हिशेब चोख आहे, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. माझ्या आईचा हिशेबही चोखच होता.